शिवातली वेलांटी : शक्ती-तुऱ्याचा एक सामना

गेल्या महिन्यात ठाण्यातील एका नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना पाहिला. तिकीट ३०० रुपये होते आणि बहुतेक प्रेक्षक नोकरीनिमित्त मुंबईकडे स्थायिक झालेले कोकणातले होते. शक्तीवाले प्रकृतीला म्हणजे आदिमायेला थोर मानतात, तर तुरेवाले पुरुषाला म्हणजे शिवाला. आणि या एका मतभेदावर दोन पक्ष तासन्‌तास गाण्यातून भांडतात. करमणुकीला जाताना विचार घरी ठेवायचा असतो, असे मानणाऱ्याने हे भांडण आवर्जून ऐकावे.

गण आणि गवळण दोन्ही पक्षांनी नेटकी म्हटली. मधोमध ढोलकी-झांजेसह शाहीर बसलेले आणि त्यांच्याभोवती एका पायात चाळ बांधून फेर धरणारे नाचे, हे जाखडीचे, म्हणजे कोकणातल्या या लोकनृत्याचे, रूप डोळ्यांत साठवावे असेच होते. खरा रंग मात्र सवाल-जबाबाला चढला. शक्तीवाल्या शाहिराने विचारले, ‘शिव या नावातली वेलांटी काढ आणि काय उरते ते सभेला सांग.’ उरते ते शव, म्हणजे वेलांटीरूपी शक्तीवाचून शिव नुसते प्रेत! कोटी जुनी, परंपरेत मुरलेली. तरीही माझ्या शेजारच्या आजी तळहातावर बोटाने अक्षरे गिरवून पाहत होत्या. ढोलकी थांबलेली नव्हती, म्हणजे जबाब तालातच द्यायचा होता. तुरेवाला उठला आणि गायला, की वेलांटी थोर खरी, पण अक्षरच नसेल तर ती टेकणार कशावर?

शिव आणि शक्ती यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही, हे ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात मांडले आहे. ते प्रकरण मी महाविद्यालयात परीक्षेपुरते वाचले होते. त्यातली अडचण माझी स्वतःची झाली ती त्या रात्री, कारण सवालाला आणि जबाबाला मी सारख्याच मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या आणि दोघांपैकी कोण चुकले हे मला सांगता येईना.

उत्तरार्धाने मात्र निराशा केली. टोमणा हा या प्रकाराचा हक्काचा भाग आहे, पण त्याने प्रश्नाला धार यायला हवी. येथे तो प्रतिपक्षाच्या गावावर आणि रंगरूपावर घसरला. पदांना चित्रपटगीतांच्या चाली लावल्या होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण चाल ओळखीची असली की कान शब्दांसाठी मोकळे राहतात. तक्रार आहे ती कर्ण्यांच्या कर्कश आवाजाबद्दल. ज्या खेळात सारी लढाई एका वेलांटीवर चालते, तिथे शब्दच ऐकू येऊ नयेत हे अक्षम्य आहे.

जाणाऱ्यांनी पुढच्या रांगा टाळून मधल्या घ्याव्यात आणि जमल्यास घरातले एखादे जाणते माणूस सोबत न्यावे, कारण पुराणातले संदर्भ भराभर येतात. आयोजकांनी पुढच्या सामन्यात सवाल-जबाबासाठी निदान एक तास वेगळा राखावा. त्या तासासाठी मी पुन्हा तिकीट काढीन.