आयोवरच्या लोकीसाठी: जोडदुर्बीण की एकच मोठा आरसा?

गुरूच्या आयो या चंद्राच्या ज्वालामुखींवर काम करायचं, तर अवरक्त निरीक्षणं कुठली घ्यायची? या पेचात मी वर्षभर अडकलो होतो. एकीकडे ॲरिझोनातल्या माउंट ग्रॅहमवरची जोडदुर्बीण, लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोप. दुसरीकडे हवाईतल्या मौना केआवरची केक, 10 मीटरचा आरसा आणि ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स, म्हणजे हवेच्या थरथरीने पुसट होणारी प्रतिमा त्या क्षणीच सुधारणारी यंत्रणा.

जोडदुर्बिणीची ओढ साहजिक आहे. 8.4 मीटरच्या दोन आरशांचा प्रकाश एकत्र आणला की एका दिशेने 22.8 मीटरच्या आरशाची धार मिळते. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना 4.8 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात केक साधारण 300 किलोमीटरपर्यंतचा तपशील सुटा करते, जोडदुर्बीण 130 पर्यंतचा. लोकी पटेरा हे लाव्हाचं सरोवर सुमारे 200 किलोमीटरचं. म्हणजे केकमध्ये तो ठिपकाच राहतो, जोडदुर्बिणीत त्याला आकार येतो. डिसेंबर 2013 मध्ये तो तसा टिपलाही गेला.

पण ही धार एकाच दिशेला आहे, आणि माझं घोडं इथेच अडलं. काटकोनातल्या दिशेला 8.4 मीटरचाच आरसा उरतो, म्हणजे सुमारे 360 किलोमीटर, केकपेक्षाही ढोबळ. ती उणीव भरायला, पृथ्वीच्या फिरण्यामुळे दुर्बिणीच्या चौकटीत आकाश फिरून धारेची दिशा बदलेपर्यंत थांबावं लागतं. आयो मात्र थांबत नाही. साडेबेचाळीस तासांत तो स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाच्या मध्यावरची जमीन तासाला जवळपास 270 किलोमीटर सरकते. ज्या तपशिलासाठी थांबायचं, तोच त्या थांबण्यात फराटतो. फिरणं गणिताने उलटवता येतं, पण त्या गणिताला सुरुवातीला एक गृहीत चित्र द्यावं लागायचं, आणि मी ते बदललं की लोकीतला तेजस्वी भाग जागा बदलायचा. त्या आकृतीवर सही करायला मन धजावेना. माझ्यापेक्षा मुरलेल्या हाताला कदाचित हे साधेलही.

केकची प्रतिमा काही मिनिटांत हाती येते, तेवढ्यात आयो फारसा हलत नाही. शिवाय लोकी काही शे दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पेटतो, तेव्हा एका रात्रीच्या धारेपेक्षा वर्षानुवर्षांच्या नोंदी मला जास्त मोलाच्या वाटल्या. केक आणि मौना केआवरचीच दुसरी दुर्बीण जेमिनी नॉर्थ यांवरून 2013 ते 2018 अशा नोंदी सातत्याने झाल्या आहेत.

तुमचा प्रश्न लोकीच्या आकाराचाच असेल, तर जोडदुर्बीणच घ्या. फक्त गुरू मिथुनेत असतानाचा हंगाम साधा, 2013 सारखा किंवा 2025-26 सारखा. तेव्हा तो माउंट ग्रॅहमच्या जवळजवळ डोक्यावरून जातो, आकाश चौकटीत झपाट्याने फिरतं आणि थांबणं बरंच कमी होतं.