शी-शूच्या सामानाची पारख: वाइप्स, मलम, पावडर आणि सीट

लहान मुलाची शी-शूची जागा लाल होते ती बहुतेक वेळा घाणीपेक्षा ओलाव्यामुळे. शूने भिजलेली त्वचा फुगते, मऊ पडते आणि कापडाच्या साध्या घासण्यानेही सोलवटते. त्यात शी मिसळली की तिच्यातले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, एरवी ५.५च्या आसपास असतो, तो वर चढतो आणि शीमध्ये उरलेले पाचक रस आणखी जोमाने काम करू लागतात. अन्न पचवणारे तेच रस मग कातडीवर उठतात. म्हणून या जागेसाठी काहीही विकत घेताना वास, रंग आणि पाकिटावरचं गोंडस बाळ बाजूला ठेवून दोनच गोष्टी बघायच्या: शी न घासता निघते का, आणि नंतर त्वचा कोरडी राहते का.

या कसोटीवर सगळ्यात वर येतं कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. घराबाहेर ते जमत नाही, तिथे ओले वाइप्स कामाला येतात. चांगला वाइप जाड असतो, ओढल्यावर फाटत नाही आणि त्याला वास नसतो. पाकिटामागची यादी वाचाच. परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. दुसरं नाव लांबलचक आहे, मिथाइलआयसोथायाझोलिनोन. वाइप्समधलं पाणी नासू नये म्हणून हा पदार्थ घालत असत. त्याने इतक्या जणांना अ‍ॅलर्जी झाली की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३मध्ये त्याला त्या वर्षीचा अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी करणारा पदार्थ, ठरवलं आणि युरोपीय संघाने २०१७पासून न धुता अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. या अ‍ॅलर्जीची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ढुंगणासोबत तोंडाभोवतीही पुरळ दिसतं, कारण त्याच पाकिटातल्या वाइपने तोंडही पुसलेलं असतं. कधी पुसणाऱ्याच्या बोटांनाही खाज सुटते. यादीत सिटाइल अल्कोहोल दिसलं तर मात्र घाबरू नका. तो मेणासारखा, त्वचा मऊ ठेवणारा पदार्थ आहे, स्पिरिटसारखा झोंबत नाही.

वाइप कसा वापरता यावर निम्मं काम अवलंबून आहे. आधी डायपरच्याच पुढच्या कोरड्या भागाने शीचा गोळा उचलून घ्या. मग एका वाइपने पुढून मागे एकदा, घडी उलटून पुन्हा एकदा. मुलीच्या बाबतीत दिशा कधीच उलटी नको. दोन-तीन वाइप्समध्ये काम होतं. सुकून चिकटलेली शी खरवडू नका, ओला वाइप त्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, ती सुटते. त्यानंतर त्वचा वाऱ्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. वाइपचं पाणी तसंच ठेवून डायपर बंद केला तर एक ओलावा काढून दुसरा आत कोंडल्यासारखं होतं. कातडी सोललेली असेल तेव्हा वाइप नकोच, झोंबतो. मऊ प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून धार सोडा आणि टिपून घ्या. आणि पाकिटावर ‘फ्लश करता येणारे’ लिहिलेलं असलं तरी वाइप कचऱ्याच्या डब्यातच टाका. टॉयलेट पेपरसारखा तो पाण्यात विरत नाही, नळीत अडकतो.

पैसे घालण्यासारखी एकच वस्तू निवडायची तर झिंक ऑक्साइडचं मलम घ्या. लाली नसताना किंवा नुकती दिसू लागली असताना १० ते १५ टक्क्यांचं पुरतं, चांगलीच लाल झालेल्या जागेला ४० टक्क्यांचं दाट मलम लागतं. डबीपेक्षा ट्यूब बरी, कारण डबीत प्रत्येक वेळी तेच बोट जातं. आणि वास नसलेलंच घ्यावं.

‘मलमाने काही फरक पडत नाही’ ही तक्रार फार ऐकू येते आणि बहुधा दोष लावण्यात असतो. हे मलम जिरवायचं नसतं. भिंतीवर पुट्टी लावतात तसा थर द्यायचा, इतका जाड की खालची लाली दिसू नये. त्वचा आधी टिपून कोरडी करायची, नाहीतर मलम घसरतं आणि खाली पाणी कोंडतं. दुसरी चूक पुढच्या वेळी होते. पांढरा थर दिसला की माणसं तो सगळा घासून काढतात आणि त्यासोबत नुकती भरून येणारी कातडीही निघते. तसं करू नका. वरचा शी लागलेला थर तेवढा पुसा, खालचा राहू द्या आणि त्यावरच नवा थर द्या. दिवसातून एकदा पूर्ण काढायचा असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं लिक्विड पॅराफिन (खनिज तेल) घेऊन अलगद सोडवा. पाण्याने तो सुटत नाही, आणि तेच तर त्याचं काम आहे. मलम डायपरला चिकटत असेल तर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. नुसती जेलीही निरोगी त्वचेच्या रोजच्या राखणीला उत्तम आहे आणि पारदर्शक असल्याने खालचा रंग दिसत राहतो. कापडी लंगोट वापरणाऱ्यांनी मात्र मध्ये एक पातळ अस्तर घालावं. मलम आणि जेली दोन्ही कापडात बसली की लंगोट शू शोषेनासा होतो.

हे सगळं नीट करून तीन दिवसांत लाली उतरली नाही तर मलम बदलत बसू नका, लालीमागचं कारण शोधा. ओलाव्याची लाली डायपर टेकतो त्या उंचवट्यांवर असते आणि जांघेच्या घडीत सहसा शिरत नाही. घडीच्या आत भडक लाल झालं असेल आणि कडेला सुटे लाल ठिपके असतील तर ती कँडिडा बुरशी असण्याची शक्यता मोठी. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ती बऱ्याचदा डोकं वर काढते. त्याला डॉक्टरांनी दिलेलं बुरशीनाशक, क्लोट्रिमाझोलसारखं, आधी पातळ लावायचं आणि त्यावर झिंकचा थर. गुदद्वाराभोवती कडा स्पष्ट असलेलं लाल कडं आणि शी करताना रडू, हे स्ट्रेप्टोकॉकस जंतूचं लक्षण असू शकतं आणि त्याला तपासणी व अँटिबायोटिकच लागतं. फक्त रात्री खाज सुटत असेल तर जंतांचा विचार करा. औषध घरातल्या सगळ्यांना आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि कडक स्टिरॉइड एकत्र असलेली मिश्र मलमं मात्र या जागी मनाने कधीही लावू नका. डायपरच्या आत झाकलेली त्वचा स्टिरॉइड जास्त शोषते. लाली दोन दिवसांत विझल्यासारखी दिसते, आत कातडी पातळ होत जाते.

पावडर घेऊ नका. टाल्कची पूड बाळाच्या श्वासात जाते आणि घडीत ओली होऊन तिचे घट्ट गोळे बनतात. बोरिक पावडर आणि खाण्याचा सोडा तर सोललेल्या त्वचेतून रक्तात उतरू शकतात, ते घरातही या कामासाठी काढू नयेत. रोजचा साबणही नको. त्याचा पीएच ९-१०पर्यंत असतो.

मूल कमोडच्या सीटवर बसू लागलं की प्रश्न बदलतो. मोठ्या सीटवर ठेवायची छोटी रिंग बहुतेक जण रंग आणि चित्र बघून घेतात. ती सीटवर ठेवून एका बाजूने तळहाताने जोरात दाबून बघा, सरकली तर घेऊ नका. भोक रुंद असेल तर मूल आत रुतून बसतं आणि मांड्या एकमेकींना चिकटतात. मुलींना याचा खास त्रास होतो. शू योनीमार्गात मागे शिरते आणि उठल्यावर थेंब थेंब चड्डीत उतरते. ‘मोठी झाली तरी चड्डी ओली, आग होते’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं. उपाय सोपा आहे: चड्डी घोट्यापर्यंत खाली, गुडघे फाकवून, अंग थोडं पुढे झुकवून बसवा. तरी जमत नसेल तर सीटवर उलटं, टाकीकडे तोंड करून बसवा, मांड्या आपोआप फाकतात. मुलग्यांच्या रिंगला पुढे शू अडवणारी उंच कडक पट्टी असते. चढता-उतरताना ती नाजूक जागी लागते. मऊ आणि बुटकी पट्टी निवडा.

रिंगपेक्षाही पायाखालचा स्टूल महत्त्वाचा, आणि तोच लोक टाळतात. पाय लोंबकळत असले की ओटीपोटाच्या तळचे स्नायू ढिले पडत नाहीत, शी अर्धी राहते, शूही पूर्ण होत नाही. उंची मोजूनच घ्या. रिंग ठेवलेल्या सीटची जमिनीपासूनची उंची घ्या, त्यातून मुलाच्या गुडघ्यामागपासून टाचेपर्यंतची लांबी वजा करा आणि दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. सीट ४० सेंटिमीटर आणि पाय २२ असेल तर साधारण २० सेंटिमीटरचा स्टूल हवा. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले की बरोबर. स्टूल इतका रुंद असावा की दोन्ही पाय फाकवून टेकतील, आणि खाली रबर हवंच.

जेट स्प्रे लहानांसाठी मोठ्यांनीच धरावा. धार आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघा, कारण नळीत साचलेलं पहिलं पाणी कधी फार गरम, कधी बर्फासारखं गार असतं. जोर कमी, आणि मुलीला धार पुढून मागे. मागून मारलेली धार शी पुढे ढकलते. मुलग्यांची पुढची कातडी धुण्यासाठी मागे ओढू नका, वरून पाणी पुरतं. शेवटी टिपणं आलंच. कागद वापरत असाल तर चार तुकड्यांची सपाट घडी द्या, चुरगळलेल्या बोळ्याने शी पसरते. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाचा हात मागे नीट पोचत नाही, तोवर शेवटचं पुसणं मोठ्या माणसाने करावं.

कितीही पुसलं तरी कागद तपकिरीच येतो, चड्डीला रोज डाग असतात, असं होत असेल तर मुलाला रागावू नका आणि आणखी वाइप्सही आणू नका. आत बहुधा शी साचून घट्ट झालेली असते आणि तिच्या कडेने पातळ शी नकळत झिरपते. मुलाला ती कळतही नाही. डॉक्टरांकडून बद्धकोष्ठाचा इलाज सुरू करा आणि तो लागू पडेपर्यंत गुदद्वाराभोवती सकाळ-संध्याकाळ झिंकचा थर ठेवा.