‘घोस्टबस्टर्स: फ्रोझन एम्पायर’: सत्काराच्या गर्दीत अडकलेली गोष्ट

गिल केनन दिग्दर्शित ‘घोस्टबस्टर्स: फ्रोझन एम्पायर’ (2024) पाहताना एक प्रश्न सतत मनात येतो: चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या या विनोदी भूतपटमालिकेच्या नव्या भागाला स्वतःचे काही सांगायचे आहे, की हा केवळ जुन्या मंडळींचा सत्कारसमारंभ आहे? माझ्या मते सांगण्याजोगे पुष्कळ होते, पण सत्कार लांबल्यामुळे ते अर्धवट राहिले.

आयव्हन राइटमन यांचा 1984चा मूळ चित्रपट ही खरे तर एका धंद्याची गोष्ट होती. विद्यापीठाने हाकललेले संशोधक, त्यांतल्या एकाने गहाण टाकलेले आईवडिलांचे घर, मोडकळीला आलेले अग्निशमन केंद्र आणि हॉटेलातले भूत पकडून झाल्यावर व्यवस्थापकापुढे ठेवलेला हिशेब: पकडण्याचे 4000 डॉलर, यंत्राच्या चार्जिंगचे व साठवणुकीचे 1000. हसू यायचे ते भुतांपेक्षा या रोकड्या व्यवहाराचे. मालिकेतल्याच 2021च्या ‘आफ्टरलाइफ’ने मात्र प्रोटॉन पॅकला, म्हणजे भुते पकडायच्या पाठीवरच्या यंत्राला, आजोबांचा वारसा बनवले, आणि वारशाची चेष्टा करायला कोणाचीच जीभ रेटत नाही.

नव्या भागात मूळ संशोधकांपैकी एक असलेल्या स्पेंगलरचे कुटुंब न्यूयॉर्कच्या त्याच जुन्या केंद्रात राहायला आले आहे. चाळीस वर्षे भुते कोंडलेली टाकी आता भरून वाहू लागली आहे. ही कल्पना मला फार आवडली, कारण जुन्या धंद्याचे देणे नव्या पिढीने फेडायचे, हा पेच मालिकेच्याच पोटातून आलेला आहे. गोठवणारा गराका हा खलनायक त्या मानाने ठोकळेबाज आहे. त्याच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

चित्रपटाचा खरा जीव फीबी आणि मेलडी यांच्यात आहे. स्पेंगलरची नात असलेल्या पंधरा वर्षांच्या फीबीला अल्पवयीन म्हणून कामावरून दूर ठेवले जाते. रात्री बागेत एकटीच बुद्धिबळाच्या पटाशी बसलेली असताना तिची मेलडीशी गाठ पडते, आणि ही मुलगी आगीत जळून मेलेल्या कुटुंबातली भूत असल्याचे कळते. मेलडीच्या जवळ काड्यापेटी असते, ती काडी ओढून दाखवते, आणि ज्या आगीने तिला मारले तिच्याशी ती इतक्या सहजपणे खेळते की हसावे की दचकावे हे कळत नाही. तिच्या सहवासासाठी फीबी यंत्राच्या साहाय्याने काही क्षण स्वतःच्या देहाबाहेर पडते. मॅकेना ग्रेसने हा एकाकीपणा आक्रस्ताळेपणा न करता दाखवला आहे. भुते पकडणाऱ्याच घरातल्या मुलीला भुताचाच आधार वाटावा, ही गोष्ट आधीच्या एकाही भागात नव्हती. तरीही पटकथा तिला पुन्हा पुन्हा बाजूला सारते, कारण मूळ चमूतल्या बिल मरे यांना कोपरखळी मारायची असते, पहिल्या भागात या चमूला छळणाऱ्या वॉल्टर पेकला आता महापौर म्हणून दम द्यायचा असतो, आणि छोट्या मार्शमेलो-बाहुल्यांनाही धुमाकूळ घालायचाच असतो.

फोंड्याच्या घरी बसून हा चित्रपट पाहताना आधीचे भाग न पाहिलेल्या माझ्या भाच्याने विचारले, “मामा, हे आजोबा आले की सगळे थांबतात का?” या प्रश्नाला कथेतून देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. जुने पात्र पुन्हा येण्यात गैर काहीच नाही. गोव्यातल्या पेडण्याकडच्या दशावतारी काल्यात, म्हणजे तिथल्या लोकनाट्यात, संकासुर हे पात्र दरवर्षी तोच काळा वेष घालून येते आणि लोक त्याची वाट पाहतात, कारण ते त्या रात्री त्या गावची नवी थट्टा करते. मरे यांच्या पात्राला इथे अशी नवी थट्टाच दिलेली नाही.

अपवाद एर्नी हडसन यांचा. पगार नियमित मिळणार असेल तर तुम्ही म्हणाल त्यावर विश्वास ठेवीन, असे 1984मध्ये म्हणणारा विन्स्टन आता सगळ्या कामाला पैसा पुरवतो आणि प्रयोगशाळा उभारतो. त्याचा भूतकाळ आणि वर्तमान यांचा सांधा पटतो. डॅन अॅक्रॉइड यांच्या रेला, म्हणजे मूळ चमूतल्या आणखी एकाला, म्हातारपणीही काम सोडवत नाही, हा धागासुद्धा प्रामाणिक आहे, पण त्याच्या वाट्याला मोजकेच प्रसंग येतात. कुमैल नानजियानी आजीच्या वस्तू विकायला निघालेल्या नदीमच्या भूमिकेत मनापासून हसवतात, कारण मूळ चित्रपटातला रोकडा व्यवहार इथे फक्त त्यालाच कळलेला आहे.

मुलांसोबत एक संध्याकाळ घालवायला चित्रपट चांगला आहे. 1984चा भाग आधी दाखवावा, ‘आफ्टरलाइफ’ वगळले तरी फारसे अडत नाही. पुढचा भाग निघालाच, तर तो फीबीच्या हाती पूर्णपणे सोपवावा आणि पाहुण्यांना एकेकच प्रसंग द्यावा, एवढीच निर्मात्यांकडून अपेक्षा आहे.