आंबा बागायतदारांच्या चर्चेसाठी डिस्कोर्स: दहा महिन्यांच्या वापरानंतर

देवगड आणि आसपासच्या आंबा बागायतदारांसाठी आम्ही गेल्या जुलैत डिस्कोर्स हे सॉफ्टवेअर घेऊन एक चर्चा-मंच सुरू केला. आता मे अर्धा संपलाय, बहुतेकांच्या शेवटच्या पेट्या गेल्यात. एक पूर्ण हंगाम त्यावर काढला, तेव्हा सविस्तर लिहिते. घरची कलमं आहेत आणि सर्व्हरही मीच बघते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

मुळात याची गरज का वाटली ते सांगते. आंब्याचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. पालवी फुटली की तुडतुडे, हवा ढगाळ झाली की भुरी आणि करपा, कैरी सुपारीएवढी झाली की गळ, आणि फळ कापल्यावर साका, म्हणजे आतून खराब झालेला गर. मोबाईलवरच्या ग्रुपात हे प्रश्न येतात, जाणकार माणसं मनापासून उत्तरं देतात, आणि दोन दिवसांत ती उत्तरं शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडली जातात. पुढच्या डिसेंबरात तोच प्रश्न, तेच काका पुन्हा तेवढंच टाइप करणार. त्यातले काही काका आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचं सांगणं पुढच्या वर्षीही सापडलं पाहिजे, एवढी एकच अट मनात धरून मी सॉफ्टवेअर शोधायला बसले.

पीएचपीबीबी पाहिलं, फ्लारम पाहिलं, दोन्ही चर्चा-मंचाचीच सॉफ्टवेअर. फ्लारम साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, चालतं, स्वस्त पडतं, त्यामुळे मन तिकडे ओढत होतं. शेवटी डिस्कोर्स घेतलं, कारण मोबाईलवर ते सगळ्यात नीट चालतं आणि आमच्याकडे संगणक उघडून बसणारा बागायतदार जवळजवळ नाहीच. जेफ अ‍ॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन या तिघांनी २०१३ मध्ये ते आणलं. कोड खुला आहे, स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येतं. किमान एक जीबी रॅम लागते. मी दोन जीबीचा भाड्याचा सर्व्हर घेतला आणि तोच सल्ला देईन.

पहिले दोन महिने माणसांना आत आणण्यातच गेले. नोंदणीला ईमेल लागतो. एका काकांनी सरळ सांगितलं, "माका ईमेल-बिमेल काय कळणा नाय गो, तू काय ता करून दी." त्यावर उपाय निघाला गूगलच्या खात्याने लॉगिन करण्याचा. अँड्रॉइड फोन घेतला तेव्हा दुकानदाराने किंवा नातवाने ते खातं उघडून दिलेलंच असतं. ती सोय डिस्कोर्समध्ये मुळातच आहे, प्लगइन (वरून जोडायचा भाग) लागत नाही. नंतर फोनच्या होम स्क्रीनवर चिन्ह टाकून दिलं की त्यांच्या लेखी ते एक अ‍ॅपच झालं, सूचनाही येतात.

मग मूळ सेटिंग्ज आडवी आली. ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांना धरून ठरवलेली आहेत. विषयाचं शीर्षक किमान पंधरा अक्षरांचं हवं, असा नियम असतो. आमच्याकडे लोक लिहितात "तुडतुडे आले". काना-मात्रा सुटी मोजूनही ती होतात अकरा, मग सॉफ्टवेअर शीर्षक परत पाठवतं आणि माणूस वैतागून फोन ठेवतो. मी मर्यादा आठवर आणली. नव्या सदस्याला एका नोंदीत एकच फोटो टाकता येतो, ही जाहिरातबाजांना रोखण्यासाठीची मर्यादा आहे आणि एरवी शहाणपणाचीही आहे. पण रोग ओळखायचा तर पानाची वरची बाजू, खालची बाजू, मोहोराचा तुरा आणि अख्खं कलम असे चार फोटो लागतातच. ती मर्यादाही वाढवली. विषयाच्या वेब-पत्त्यात देवनागरी शीर्षक उमटेल असं एक सेटिंग आहे, ते मात्र लावू नका. दुवा कोणाला पाठवला की टक्केचिन्हांची हातभर लांब माळ तयार होते.

फोटोंच्या बाबतीत दोन गोष्टी मला फार आवडल्या. फोनमधला मोठा फोटो पाठवण्याआधी फोनमध्येच लहान केला जातो, त्यामुळे बागेतल्या एका दांडीच्या नेटवर्कवरही तो चढतो. आणि फोटोत दडलेली जागेची माहिती आपोआप पुसली जाते. कोणाच्या बागेत फळ कधी तयार झालंय हे ठिकाणासकट सगळ्यांना कळावं असं कुणालाच वाटत नाही. राखणीची चिंता इथे खरी आहे.

मराठीतला तयार इंटरफेस, म्हणजे बटणांवरची आणि सूचनांची वाक्यं, यात नाही. पण प्रशासकाला प्रत्येक वाक्य बदलता येतं, म्हणून रोज डोळ्यांसमोर येणारी दीड-दोनशे वाक्यं मी स्वतः मराठीत आणली. गणपतीत घरी आलेल्या भावाने दोन रात्री बसून हातभार लावला. "रिप्लाय"ला "उत्तर द्या" केल्यावर उत्तरं खरोखर वाढली, असं माझं निरीक्षण आहे.

शोधाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझी मूळ अट तीच होती. डिस्कोर्सचा शोध पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतो. पोस्टग्रेसमध्ये बऱ्याच भाषांचे शब्दरूपांचे नियम आहेत, हिंदीचे आहेत, नेपाळीचे आहेत, तमिळचे आहेत. मराठीचे नाहीत. शब्दाची सुरुवात जुळली की तो सापडतो, म्हणून "कलम" शोधलं तर "कलमाला", "कलमाची" सगळं येतं. पण "आंबा" शोधलं तर "आंब्याला" येत नाही, "कैरी" शोधली तर "कैऱ्या" येत नाहीत. आपल्या भाषेत प्रत्यय लागताना शब्द आतूनच बदलतो, तिथे हा शोध अडतो. त्यात कोणी मोहोर लिहितं, कोणी मोहर. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, "आंब" एवढंच टाका. चालतं, पण हे काही खरं उत्तर नव्हे. कोड खुला आहे, नियम लिहून देणारे मराठी भाषेचे आणि संगणकाचे जाणकार आपल्यातच आहेत. कुणी हे काम हाती घेतलं तर उदाहरणं गोळा करून द्यायला मी तयार आहे, आमच्याकडे आता त्यांचा साठाच झालाय.

तोवर आम्हाला तारलं ते टॅगांनी, म्हणजे विषयाला लावायच्या खुणेच्या शब्दांनी. टॅगला समानार्थी शब्द जोडता येतात. कोणी "थ्रिप्स" लिहिलं की तो टॅग आपसूक "फुलकिडे" होतो. "हॉपर" लिहिलं की "तुडतुडे". "स्पॉन्जी टिश्यू" लिहिलं की "साका". औषधाच्या बाटलीवरचा शब्द, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पत्रकातला शब्द आणि वाडीवरच्या माणसाच्या तोंडचा शब्द, तिन्ही एका जागी येतात. ही जोडणी करताना मी तीन जाणत्या माणसांकडे वही घेऊन बसले होते. या सॉफ्टवेअरवर मी घालवलेल्या वेळातला तो सगळ्यात सत्कारणी लागलेला वेळ.

आता प्लगइन. २०२५ मध्ये डिस्कोर्सने आपली बरीचशी अधिकृत प्लगइन मूळ पॅकेजातच सामावून घेतली. पूर्वी प्रत्येकासाठी अ‍ॅप डॉट वायएमएल या सेटिंगच्या फाईलमध्ये "गिट क्लोन"ची (प्लगइनचा कोड उतरवून घेण्याची) ओळ घालून सगळं सॉफ्टवेअर नव्याने बांधावं लागायचं. आता प्रशासकाच्या पानावर जाऊन चालू-बंद करायचं. जुनी मार्गदर्शनं वाचून त्या ओळी घातल्या असतील तर त्या काढून टाका.

आम्ही सर्वाधिक वापरलं ते "सॉल्व्ह्ड". प्रश्न विचारणाऱ्याने योग्य उत्तरावर खूण करायची, मग ते उत्तर प्रश्नाच्या लगेच खाली दिसतं. आमच्याकडे खूण कोणी करत नाही, कारण एका काकांचं उत्तर बरोबर ठरवलं की दुसऱ्यांना वाईट वाटेल ही भीती. ती खूण आता मी करते, तीही फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी बागायतदाराला फोन करून, गुण आला का ते विचारून. त्यामुळे ती खूण म्हणजे बागेत पडताळलेलं उत्तर, असा अर्थ लोकांच्या मनात बसलाय.

विषयांना मतं देण्याच्या "टॉपिक व्होटिंग" प्लगइनचा उपयोग वेगळाच झाला. शास्त्रज्ञांना भेटायला जाताना दरवेळी ज्याचा आवाज मोठा त्याचे प्रश्न आधी जायचे. यंदा प्रश्न आधी मांडले आणि मतं घेतली. प्रत्येकाला मोजकीच मतं असल्याने माणूस विचार करून देतो. सर्वात वर आलं ते एकाच कलमावर दुसऱ्यांदा येणाऱ्या मोहोराचं. आधी आलेली बारीक फळं त्याने गळतात. हा प्रश्न एका अगदी अबोल माणसाने टाकला होता. मोठ्या बैठकीत तो कधीच उभा राहिला नसता.

डेटा एक्स्प्लोरर, म्हणजे डेटाबेसमधून याद्या काढायचं प्लगइन, माझ्यापुरतं आहे. दर सोमवारी अनुत्तरित प्रश्नांची यादी काढते. कॅलेंडरवर बैठका लावतो. चॅट महिनाभर चालू ठेवलं आणि बंद केलं, कारण सगळी चर्चा तिकडे वाहून जायला लागली आणि ज्यातून बाहेर पडायचं होतं तिथेच परत आलो. कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्लगइनही अजून चालू केलेलं नाही. त्यातला अर्थावरून शोध मराठीला उपयोगी पडेल असं वाटतं, तो पावसात करून बघेन. पण औषधाच्या प्रमाणाबद्दल यंत्राने लिहिलेलं उत्तर आमच्या मंचावर येऊ देणार नाही. दहा लिटरच्या पंपात किती मिली घालायचं यात चूक झाली तर मोहोर जळतो, आणि फवारणाऱ्या गड्याच्या अंगावर येतं ते वेगळंच.

आता चूक. जानेवारीत, ऐन मोहोराच्या दिवसांत, मी बागा नकाशावर दाखवणारं बाहेरच्या कुणीतरी केलेलं एक प्लगइन घातलं. त्याच्या कोडमध्ये बऱ्याच काळात बदल झाला नव्हता हे दिसत होतं, तरी घातलं. रात्री दहाला नव्याने बांधायला घेतलं. बांधणी सुरू होताना जुनं चालू असलेलं थांबवलं जातं, आणि नवी बांधणी अर्ध्यात फसली की मंच बंदच राहतो. नेमकी तेव्हाच लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत मी लाल ओळी वाचत होते. पहाटे वीज आल्यावर फाईल उघडली, त्या प्लगइनच्या ओळीआधी # टाकला, म्हणजे ती ओळ वगळली जाते, पुन्हा बांधलं, आणि वीस मिनिटांत सगळं परत आलं. त्या रात्री ढग आले होते. सकाळी फवारणी करायची का, हे विचारायला सात-आठ जण येऊन परत गेले होते. मला ते फार लागलं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. नोव्हेंबर ते मे काही नवं घालायचं नाही. बाहेरचं प्लगइन घेण्याआधी तेच काम थीम कंपोनंटने होतंय का ते पाहायचं. कंपोनंट फक्त दिसण्या-वागण्यात बदल करतं, त्याला पुन्हा बांधणी लागत नाही, आणि बिघडलंच तर सेफ मोडमध्ये, म्हणजे असे जोडलेले बदल बाजूला ठेवून मंच उघडून, ते काढता येतं. आणि बॅकअप दर रविवारी घरच्या डिस्कवर उतरवायचा. तो मुळात त्याच सर्व्हरवर साठतो, आणि सर्व्हर गेला की तोही जातो.

सदस्यांच्या विश्वास-पातळ्यांबद्दल सुरुवातीला मी साशंक होते. शून्य ते चार अशा पाच पातळ्या, वाचन आणि सहभाग पाहून सॉफ्टवेअर तिसऱ्या पातळीपर्यंत एकेक पायरी वर नेतं, चौथी हाताने द्यावी लागते. नुसतं वाचणाऱ्यालाही पहिली पायरी मिळते, पाच विषय उघडून, तीस नोंदी आणि दहा मिनिटं वाचून. औषधं विकणाऱ्यांच्या जाहिराती यामुळे जवळजवळ थांबल्या. त्यांना वाचत बसायला वेळ नसतो.

पावसाळ्यासाठी एक काम काढलंय. आमच्या एका काकांनी वीसेक वर्षं फवारणीच्या वह्या लिहिल्यात: तारीख, हवा, औषध, किती पेट्या निघाल्या. प्रशासकाला विषयाची तारीख मागे नेता येते, म्हणून प्रत्येक नोंद तिच्या खऱ्या तारखेला लावतेय. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ येऊन गेलं, त्यानंतरच्या पानावर त्यांनी लिहिलंय की पालवी फाटली, मोहोर उशिरा येणार, पहिली फवारणी पुढे ढकलली. त्याखाली एका तरुण बागायतदाराने विचारलं, किती दिवस पुढे ढकललीत? काकांनी नातीकडून उत्तर लिहवून घेतलं. एकूण आठ वह्या आहेत, तीन झाल्या. चौथीची पानं वाळवीने खाल्लीत, ती काकांसमोर बसूनच वाचावी लागतील.