बोडीतलं कासव का नदीतलं?

धानाच्या बांधीत, बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) मऊ पाठीचं कासव दिसलं तर ते बहुतेक झडपेवालंच (इंग्रजीत फ्लॅपशेल), जास्तीत जास्त फूटभर, अन् वैनगंगेसारख्या मोठ्या नदीत दीड-दोन फुटाचं धूड दिसलं तर लीथचं, म्हणजे मऊ पाठीच्याच कासवाची दुसरी जात (लीथ्स सॉफ्टशेल), असू शकते. पण नुसत्या जागेवरून ठरवू नका ना! जाळ्यात अडकलेलं सोडवून देताना पोटाकडं पाहा, झडपेवाल्याच्या मागच्या पायांपाशी दोन कातडी झडपा असतात, पाय आत ओढले का त्या वरून बंद होतात. लीथच्याले त्या नसतातच, मला तर हीच खूण सगळ्यात पक्की वाटते. लीथच्या पिलाच्या पाठीवर डोळ्यासारखे गोल डाग असतात, वाढत्या वयात पुसट होतात. ओळखायसाठी मुद्दाम पकडू मात्र नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं दोन्ही संरक्षित आहेत.