गिटारवर नंतर फासलेला रंग: खरवडायचा, विरघळवायचा की राहू द्यायचा?

जुन्या गिटारवर कुणीतरी मधल्या काळात काळा नाहीतर पांढरा रंग मारलेला असतो. पिकगार्ड, म्हणजे पुढच्या बाजूची संरक्षक प्लॅस्टिक पट्टी, उघडला की त्याखाली मूळचा सनबर्स्ट (मधे उजळ, कडांना गडद होत जाणारा रंग) तसाच शाबूत दिसतो, आणि मग हात शिवशिवायला लागतात. वरचा रंग काढून खालचा वाचवता येतो का? पुष्कळदा येतो. पण कसा काढायचा हे आपल्या हौसेवर ठरत नाही. खालचा थर कशाचा आणि वरचा कशाचा, यावर ठरतं. हे न बघता रिमूव्हरचा डबा उघडणारे मूळ रंगही घालवून बसतात.

पन्नास-साठच्या दशकांतल्या फेंडर आणि गिब्सन या अमेरिकी कंपन्यांच्या गिटारवर बहुतेक नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. फेंडरच्या काही खास रंगांत ॲक्रिलिक लॅकरही वापरलेलं आहे. साठचं दशक संपता संपता फेंडर पॉलिएस्टरकडे वळली, गिब्सनने मात्र नायट्रो सोडलं नाही. फरक महत्त्वाचा आहे. लॅकर वाळतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, एवढंच. त्यामुळे कितीही वर्षांनी थिनर लागलं तरी ते पुन्हा विरघळतं. पॉलिएस्टर किंवा पॉलीयुरेथेन (दोन्हींना मिळून ‘पॉली’ म्हणतात) एकदा रासायनिकरीत्या घट्ट झालं की थिनरला दाद देत नाही.

वरचा थर ओळखायला कापसाची काडी पुरते. झाकली जाणारी, पण वरचा रंग पोचलेली एखादी जागा घ्या, उदाहरणार्थ पॉट्स (आवाज कमीजास्त करायच्या बटणांखालचे सुटे भाग) बसतात त्या खळग्याच्या काठाची. आधी स्पिरिट लावा, मग थोडं थिनर. स्पिरिटनेच चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. थिनरने रंग काडीवर उतरला तर लॅकर. सुरकुत्या पडून फुगला तर ऑइल पेंट. ढिम्म काही झालं नाही तर पॉली.

आता निवड बरीच सोपी होते. खाली पॉली आणि वर स्प्रेच्या डब्यातला लॅकर असेल तर द्रावकच वापरा, खरवडायच्या भानगडीत पडू नका. थिनरचा बोळा फिरवला की वरचा रंग निघतो आणि खालचा जागचा हलत नाही. कडेचं प्लॅस्टिक बाइंडिंग आणि नेकवरचे ठिपके तेवढे जपा, ॲसिटोन आणि थिनर त्यांनाही खातात. शिवाय हेडस्टॉकवरच्या (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकावरच्या) नावाच्या स्टिकरजवळ बोळा नेऊच नका.

खाली नायट्रो आणि वर ऑइल पेंट किंवा पॉली, हा प्रकार बऱ्याचदा भेटतो. इथे उलट. द्रावक वरच्या थरातून झिरपून खालचाच आधी मऊ करतं आणि दोन्हींचा चिखल होतो. म्हणून ब्लेड. जाड, एकधारी ब्लेड घ्यायचं, त्याची दोन्ही टोकं किंचित घासून बोथट करायची किंवा टेपने झाकायची, नाहीतर टोकाचा चरा थेट मूळ रंगात उतरतो. ब्लेड जवळजवळ उभं धरून, ओढायच्या दिशेला जरासं कलवून, दाब न देता ओढत राहायचं. ऑइल पेंट असेल तर बारीक भुकटी आणि टवके पडतात, पॉली असेल तर पातळ कुरळे पापुद्रे. मूळ थराशी पोचलं की आवाज बदलतो आणि खालून जुना, पिवळसर झालेला चकचकीतपणा दिसायला लागतो. तिथे थांबायचं. काम कंटाळवाणं आहे, एका बॉडीला आठवडे लागू शकतात, पण इतर कुठल्याही पद्धतीत नसलेली एक सोय यात आहे: कुठल्याही क्षणी हात थांबवता येतो. रिमूव्हर आणि हीट गनला ते कळत नाही.

हीट गनबद्दल, म्हणजे रंग मऊ करायला गरम हवा सोडणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात. सत्तरच्या दशकातला जाड पॉली पूर्ण उतरवून लाकडापर्यंत जायचं असेल तर ती कामाची आहे. मूळ नायट्रो वाचवायचा असेल तर मुळीच नाही. त्यावर फोड येतात आणि ते चटकन पेट घेतं. अकॉस्टिक गिटारचे सरसाने जोडलेले सांधेही उष्णतेने सैल होतात. पेंट रिमूव्हर तर सगळंच काढतो, वरचं आणि खालचं असा भेद त्याला नाही. मेथिलीन क्लोराइडवाले रिमूव्हर इतके घातक आहेत की अमेरिकेत २०१९ मध्ये त्यांची घरगुती ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्यात आली. पॉलिश पेपरने घासायचं तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासूच नका आणि मास्क लावा. मुळात घासण्याने सपाट भाग जमतो, कडा मात्र आधी उघड्या पडतात.

नायट्रोवर नायट्रो मारलेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: राहू द्या. नवा थर जुन्यात विरघळून एकजीव झालेला असतो. मधे सीमाच नाही, मग ब्लेड थांबणार कुठे?

आणखी एक गोष्ट आधी तपासायलाच हवी. साठच्या दशकात फेंडरच्या कारखान्यातच काही गिटारवर सनबर्स्टवर खास रंग मारून त्या विकल्या गेल्या. अशा गिटारचा ‘वरचा’ रंगच मूळ आहे, आणि तो काढणं म्हणजे तिची किंमत आपल्या हाताने पुसणं. नेक बसतो त्या खाचेत, स्क्रूच्या भोकांत आणि पिकगार्डखाली बघा. नंतर मारलेला रंग बहुधा पिकगार्डच्या कडेशी थांबतो किंवा स्क्रूच्या डोक्यांवरही गेलेला असतो. खात्री नसेल तर जुन्या गिटार हाताळणाऱ्या जाणकाराला दाखवा, काढलेला रंग परत येत नाही.

पूर्ण उतरवून नवा रंग द्यावा का? वाजवण्यासाठीच ठेवायची असेल तर हरकत नाही. पण संग्राहकांच्या बाजारात पुन्हा रंगवलेली जुनी गिटार मूळ रंगातल्या गिटारच्या साधारण निम्म्यावर येते, आणि घासलेला, टवके उडालेला मूळ रंगही नव्याकोऱ्या रंगापेक्षा सरस ठरतो. नंतरचा रंग नीट खरवडून मूळ रंग वर आणलेली गिटार या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते.

सुरुवात बॉडीच्या पाठीवर करा, बोटभर रुंदीच्या एका चौकोनाने. पूर्वी रंगवणाऱ्याने आधी घासून घेतलं असेल तर खाली मूळ रंगाचे नुसते तुकडे निघतात आणि मधे लाकूड उघडं पडतं. तसं दिसलं तर तो चौकोन तिथेच सोडून ब्लेड ठेवून द्या. सलग रंग निघाला तर त्याच कडेपासून पुढे सरका, आणि पुढच्या बाजूला हात घालायच्या आधी पाठ संपवा.