पहिला खर्च कशावर: जुना आयफोन, भाड्याचे फोन, की नुसता क्रोम?

कोथरूड-कर्वेनगरात दोन-तीन जणांत वेबसाइटची कामं घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी सोडवावाच लागतो: पान सगळ्या फोनांवर नीट दिसतंय का, हे तपासायचं कशावर? पर्याय चार आहेत. लॅपटॉपवरच्या क्रोमचा मोबाइल मोड, हातातले खरे फोन, क्लाउडवर भाड्याने मिळणारे फोन आणि प्लेराइटसारखी आपोआप चालणारी चाचणी. चारही उपयोगाचे आहेत, पण पैसे आणि वेळ मोजकाच असतो. त्यामुळे काय आधी आणि काय नंतर, हे ठरवावं लागतं. माझं मत आधीच सांगतो: छोट्या टीमने पहिला पैसा वापरलेल्या आयफोनवर घालावा.

यामागचं कारण इंजिनात आहे. ब्राउझर डझनभर दिसतात, पण पान रंगवणारी मुख्य इंजिनं तीनच. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांत ब्लिंक आहे. फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. ब्लिंक २०१३मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं, पण तेव्हापासून दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. एज २०२०मध्ये ब्लिंकवर आलं आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११चा आधार मायक्रोसॉफ्टने जून २०२२मध्ये काढून घेतला, त्यामुळे विंडोजवरची जुनी डोकेदुखी संपल्यात जमा आहे. आता अडचण येते ती आयफोनवर. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकला तरी आत वेबकिटच चालतं. युरोपीय संघात ॲपलला २०२४पासून दुसऱ्या इंजिनांना वाट द्यावी लागली, भारतात तसं नाही. म्हणून ‘आमचे ग्राहक सफारी वापरत नाहीत, क्रोम वापरतात’ या वाक्यावर विसंबू नका. फोन कुठला आहे ते विचारा.

क्रोमचा मोबाइल मोड

फुकट आहे, हाताशी आहे, आणि दिवसभराचं काम यावरच होतं. रुंदी बदलून रचना कुठे मोडते ते पाहायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण वर ‘आयफोन’ निवडलं तरी बदलतो तो चौकटीचा आकार, पिक्सेलची घनता, स्पर्शाची नक्कल आणि ब्राउझरने स्वतःची सांगितलेली ओळख. पान रंगवणारं इंजिन ब्लिंकच राहतं. फोनवरची ॲड्रेस बार, वर येणारा कीबोर्ड, खालची होमची पट्टी यांतलं काहीच तिथे खरं नसतं.

याचा फटका कसा बसतो ते एका उदाहरणात बघा. सदाशिव पेठेतल्या एका फराळवाल्याचं ऑर्डरचं पान आहे असं धरा. वर पदार्थांची यादी, तळाला ‘ऑर्डर नोंदवा’ हे बटण, आणि सगळ्याची उंची १०० व्हीएच, म्हणजे दिसणाऱ्या चौकटीच्या पूर्ण उंचीइतकी. लॅपटॉपवर बटण अगदी तळाशी नीट बसतं. आयफोनवर पान उघडलं की बटण सफारीच्या खालच्या पट्टीमागे जातं, कारण तिथे १०० व्हीएच म्हणजे पट्टी आक्रसल्यावर मिळणारी मोठी उंची. अँड्रॉइडच्या क्रोममध्येही हिशेब तोच, पण तिथे पट्टी बहुधा वर असते, त्यामुळे तळाचा थोडा भाग स्क्रीनबाहेर जातो आणि तो पटकन लक्षात येत नाही. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाइकाला बटण सापडलं नाही तर ते सरळ फोन लावतं किंवा दुसरीकडे जातं.

यावर डीव्हीएच (पट्टीबरोबर बदलणारी उंची), एसव्हीएच (पट्टी उघडी असतानाची लहान उंची) आणि एलव्हीएच (पट्टी आक्रसल्यावरची मोठी उंची) ही नवी एककं आली. सफारीत १५.४पासून, फायरफॉक्समध्ये १०१पासून, क्रोममध्ये १०८पासून, म्हणजे तिन्हीकडे २०२२मध्येच. सरसकट डीव्हीएच लावू नका, एवढं मात्र आवर्जून सांगेन. पट्टी आक्रसते-उघडते तशी ती उंची बदलते आणि स्क्रोल करताना मजकूर हलतो. पानाच्या पहिल्या दर्शनी भागाला एसव्हीएच बरं, पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या मेन्यूला डीव्हीएच.

हातातले फोन

आयफोन नवा नको. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत किंवा ओळखीत वापरलेला मिळतो. मात्र घेताना तो कुठल्या आयओएसवर अडकला आहे ते बघा, कारण आयफोनवर सफारी आयओएससोबतच अपडेट होते. आयफोन ७ आयओएस १५वर थांबला, आयफोन ८ आणि टेन आयओएस १६वर. म्हणजे आयफोन ७वर फ्लेक्स गॅप (एका ओळीत मांडलेल्या घटकांमधलं अंतर) चालेल, कंटेनर क्वेरी (चौकटीच्या आकारानुसार आतली रचना बदलणं) चालणार नाही, कारण ती सफारी १६मध्ये आली. सीएसएस, म्हणजे पानाची सजावट लिहायची भाषा, तिच्यातलं नेस्टिंग (नियमाच्या आत नियम लिहिणं) १६.५मध्ये आलं, तेही नाही. म्हणजे जुना फोन हाच तुमच्या आधाराची खालची पायरी ठरतो. माझी पसंती आयओएस १५ किंवा १६वरच्या फोनला. नव्या आयफोनवर पान बघायला ग्राहक स्वतः असतोच, आणि तो न विचारता स्क्रीनशॉट पाठवतो.

दुसरा फोन कमी रॅमचा, साधा अँड्रॉइड. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून अपडेट होतो, त्यामुळे इंजिन बहुतेक वेळा नवं असतं. (फार जुने फोन अपवाद, अँड्रॉइड ७वर क्रोम ११९ला थांबला.) इथे बघायचं ते वेग, आणि त्याहून जास्त मजकूर.

मजकुराचा मुद्दा आपल्यासाठी वेगळा आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात तो क्वचितच सापडतो. देवनागरीला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि खालीही. ‘ऑर्डर नोंदवा’मध्ये वर ऑचा चंद्र आहे, रफार आहे, मात्रेवर अनुस्वार आहे. शेजारी ‘पुरणपोळी’ असेल तर खाली उकार. डिझायनरने इंग्रजीच्या हिशेबाने ओळीची उंची १.१ ठेवली आणि मजकुराच्या चौकटीला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारा भाग लपवायची सूचना) लावलं, की वरचे अनुस्वार नाहीतर खालचे उकार छाटले जातात. त्यातही प्रत्येक यंत्रावर वेगळं, कारण तुमचा वेब फॉन्ट उतरेपर्यंत अँड्रॉइड नोटो सान्स देवनागरी दाखवतो, विंडोज निर्मला यूआय, आणि ॲपलचा फॉन्ट आणखी तिसराच. तिघांची मापं सारखी नाहीत. मथळ्यालाही १.४च्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देवनागरीला लावूच नका, शिरोरेषेचे तुकडे होतात. आणि पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीची खूण) अशी नोंदवा. ज्या फॉन्टांत मराठीचे ल आणि श वेगळे काढलेले असतात ते मग आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदीचे येतात.

जोडणीचं म्हणाल तर अँड्रॉइड यूएसबीने लावून लॅपटॉपच्या क्रोममधून पान तपासता येतं, कुठल्याही लॅपटॉपवर. आयफोनसाठी सफारीचा वेब इन्स्पेक्टर हवा आणि तो मॅकवरच चालतो. मॅक नसेल तर चाचणीपुरती पानात एरुडा ही छोटी स्क्रिप्ट टाका, फोनच्या स्क्रीनवरच कन्सोल (चुकांची नोंद) आणि पानाचे एलिमेंट दिसतात. थोडं अडचणीचं आहे, पण काम भागतं. मॅक असेल तर एक्सकोडमधला सिम्युलेटरही फुकट मिळतो, आणि त्यात वेबकिट खरं असतं.

भाड्याचे फोन

ब्राउझरस्टॅक ही यातली मोठी कंपनी, २०११मध्ये मुंबईत सुरू झालेली. खरे फोन त्यांच्या डेटा सेंटरमध्ये असतात आणि तुम्ही ते ब्राउझरमधून चालवता. स्वतःच्या लॅपटॉपवरचं अर्धवट पानही टनेलमधून, म्हणजे लॅपटॉप आणि त्यांच्यातल्या खासगी जोडणीतून, त्या फोनवर उघडता येतं. एखाद्या नेमक्या मॉडेलवरची, नेमक्या आवृत्तीवरची तक्रार आली तर याला तोड नाही, कारण तेवढे फोन कुणी कपाटात ठेवू शकत नाही. उणीव एकच: समोर दिसतं ते दूरच्या स्क्रीनचं चित्रण. स्क्रोल अडखळतोय तो पानामुळे की नेटमुळे, हे त्यावरून ठरवता येत नाही. आणि अंगठा तळाच्या बटणापर्यंत पोचतो का, हे माउसने कळत नाही.

बाणेर-हिंजवडीतल्या प्रॉडक्ट टीमने हे घ्यावंच. त्यांचे ग्राहक अनेक देशांत असतात, तक्रारीही तशाच येतात. महिन्याला एखादं पान करणाऱ्याने मात्र वर्षाचं सदस्यत्व घेऊ नये. तक्रार आली त्या महिन्यापुरतं घ्यावं.

प्लेराइट

मायक्रोसॉफ्टचं, फुकट, क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही चालवतं, विंडोज-लिनक्सवरही. काल नीट असलेलं आज बिघडलं का, हे पकडायला हे उत्तम. स्क्रीनशॉट जुळवून बघतं. पण त्यातलं वेबकिट म्हणजे आयफोनची सफारी नव्हे, पट्ट्या आणि कीबोर्ड तिथेही नाहीत. स्क्रीनशॉट ज्या यंत्रणेवर घेतले त्याच यंत्रणेवर जुळवावे लागतात. आणि चाचणी साध्या लिनक्स कंटेनरमध्ये (वेगळ्या, मोजकंच सामान असलेल्या लिनक्स यंत्रणेत) चालवली आणि तिथे देवनागरी फॉन्ट नसेल तर मजकुराऐवजी चौकोन येतील, तो आधी बसवा. एकदाच करून सोपवायच्या साइटला याची गरज नाही. वर्षभर बदल होत राहणार असतील तर आहे.

बिघाड सापडल्यावर

इथे दोन रस्ते दिसतात. ब्राउझरचं नाव ओळखून वेगळं सीएसएस देणं, किंवा सुविधा आहे का ते विचारणं. पहिला रस्ता सोडा. आयपॅड २०१९पासून स्वतःला मॅक म्हणवतो, आणि आयफोनवरच्या क्रोमच्या नावाचा त्याच्या इंजिनाशी संबंध नसतो.

दुसऱ्यातली सर्वांत साधी रीत बऱ्याचदा पुरते: आधी जुनी ओळ, मग नवी. उंची १०० व्हीएच लिहा, लगेच खाली १०० एसव्हीएच. ज्याला दुसरी ओळ कळत नाही तो ब्राउझर ती सोडून देतो आणि पहिली पाळतो. गुंतागुंत वाढली तर सपोर्ट्सची अट, म्हणजे सुविधा येते का ते सीएसएसमधूनच ब्राउझरला विचारणं. फक्त फ्लेक्स गॅपला ती फसते: ग्रिडमध्ये (उभ्या-आडव्या रकान्यांच्या मांडणीत) गॅप आधीच चालत असल्याने जुनी सफारी ‘हो, गॅप येतं’ म्हणते आणि फ्लेक्समध्ये मात्र अंतर देत नाही. फ्लेक्सला ते सफारी १४.१मध्ये, २०२१ साली मिळालं. तेवढे जुने फोन सांभाळायचे असतील तर तिथे ग्रिड वापरा. ऑटोप्रिफिक्सर (सीएसएसला लागणारे ब्राउझरचे उपसर्ग आपोआप जोडणारं साधन) बिल्डमध्ये, म्हणजे साइट तयार करायच्या प्रक्रियेत, असू द्या. धूसर पार्श्वभूमीच्या बॅकड्रॉप फिल्टरला सफारी १८ येईपर्यंत वेबकिटचा उपसर्ग लागत होता, असल्या गोष्टी तो सांभाळतो. मात्र ब्राउझरमध्ये नसलेली क्षमता त्यातून येत नाही.

आयफोनवर आणखी दोन तक्रारी हमखास येतात. फॉर्मच्या रकान्यात अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर बोट लावताच पान मोठं होतं, त्यामुळे १६ ठेवा. झूमच बंद करून टाकू नका, चाळिशी लागलेल्या गिऱ्हाइकाला तो लागतो. दुसरी, तळाशी चिकटवलेलं बटण होमच्या पट्टीखाली जातं. त्याला सेफ एरिया इनसेटचं, म्हणजे पट्टीसाठी राखलेल्या जागेइतकं, पॅडिंग द्या.

हे सगळं कुठल्या फोनापर्यंत करायचं, ते काम सुरू होण्याआधी कागदावर यायला हवं. त्यासाठी ‘बेसलाइन’ची यादी वापरा, कुठली सुविधा सगळ्या मुख्य ब्राउझरांत आली आहे ते ती सांगते. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी सगळीकडे येऊन ३० महिने झालेल्या सुविधा तिथे ‘सर्वत्र उपलब्ध’ या गटात असतात. कोटेशनमध्ये लिहा: या गटातल्या सुविधा वापरू, आयओएस १६ आणि अँड्रॉइडवरचा चालू क्रोम इथपर्यंत रचना हुबेहूब राहील, त्याआधीच्या फोनांवर मजकूर वाचता येईल आणि ऑर्डर देता येईल, सजावट थोडी कमी दिसेल. त्यापुढचं काम वेगळ्या दराने.